जुने एंजिन, नवा सांगाडा

मोटरसायकलच्या नोंदणीपुस्तकात दोन क्रमांक लिहिलेले असतात. एक एंजिनाचा व दुसरा सांगाड्याचा, म्हणजे कचेरीच्या भाषेत ज्याला 'चासी' म्हणतात त्याचा. हे दोन्ही भाग एकाच कारखान्यात एकत्र जोडले जातात आणि सर्वसाधारणपणे गाडी भंगारात जाईपर्यंत एकमेकांची सोबत करतात. परंतु यंत्रांच्या नादी लागलेल्या काही मंडळींना ही जन्मगाठ मान्य नसते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे टू-स्ट्रोक एंजिन घ्यावे, आजच्या शर्यतीच्या घाटाच्या मोटरसायकलचा सांगाडा घ्यावा आणि त्या दोहोंचा संसार मांडून द्यावा, असा खटाटोप इंग्लंड-अमेरिकेपासून भारतापर्यंत अनेक ठिकाणी चालतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, चार बोल्ट काढले, चार लावले, की काम झाले. वस्तुतः एंजिन सांगाड्यात बसविणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग होय. ते तेथे बसल्यावर गाडी सरळ धावेल, वळेल, थांबेल आणि स्वाराला जिवंत घरी आणील, याची तजवीज करणे हे खरे काम.

हा हव्यास कशापोटी निर्माण होतो, हे समजण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. जपानच्या यामाहा कंपनीने 1973 साली आरडी 350 नावाची मोटरसायकल बाजारात आणली. तिच्या एंजिनात शेजारी शेजारी दोन सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास 64 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 54 मिलिमीटर. दोन्ही मिळून 347 घनसेंटिमीटरच्या या लहानशा यंत्राची शक्ती 39 अश्वशक्ती सांगितली जाई. पुढे 1983 साली एस्कॉर्ट्‌स कंपनीने हीच गाडी 'राजदूत 350' या नावाने भारतात काढली. पेट्रोलचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून तिची शक्ती सुमारे 30 अश्वशक्तीपर्यंत उतरविलेली होती. तरीही ज्या देशात भारदस्त समजली जाणारी बुलेट अठरा अश्वशक्तीवर समाधानी होती, तेथे ही गाडी म्हणजे बैलगाड्यांच्या तळावर सोडलेले अरबी घोडे वाटावे, यात नवल नाही. पण जपानी गाडीच्या पुढच्या चाकाला असलेला डिस्क ब्रेक भारतीय गाडीला मिळाला नाही. तिला मिळाला जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेक. टायर अरुंद, सांगाडा पोलादी नळ्यांचा, पुढचे फोर्क हातातल्या काठीएवढे बारीक. एंजिन धावे पुढे आणि बाकीची गाडी पडे मागे. ज्यांनी ती चालविली त्यांना तिच्या वेगाची आठवण जितकी आहे, तितकीच तिला थांबविताना बसलेल्या धसक्याचीही आहे. तेव्हा हे एंजिन एखाद्या भक्कम, उत्तम ब्रेकच्या गाडीत असते तर, हा विचार मनात येणे अगदी साहजिक होते.

या विचाराला परंपराही आहे. बेलफास्टच्या रेक्स मॅक्‌कँडलेस याने रचलेला नॉर्टन कंपनीचा सांगाडा 1950 साली शर्यतीत उतरला आणि त्याला 'फेदरबेड', म्हणजे पिसांची गादी, असे नाव पडले; इतका तो वळणावर स्थिर व स्वाराला सुखकर होता. त्याच सुमारास इंग्लंडात 500 घनसेंटिमीटरच्या छोट्या शर्यती-मोटारींचे वेड होते. या मोटारींना नॉर्टनचे मँक्स एंजिन हवे असे. पण कंपनी ते सुटे विकत नसे. म्हणून मोटारवाले आख्खी मोटरसायकल विकत घेऊन एंजिन काढून घेत आणि उत्तम सांगाडे बिनएंजिनाचे पडून राहत. त्यांत कोणी ट्रायम्फचे एंजिन बसविले आणि दोन्ही नावे मोडून 'ट्रायटन' हे नाव तयार झाले. आज टू-स्ट्रोकचे प्रत्यारोपण करणारे तरुण, ठाऊक असो वा नसो, त्या ट्रायटनचेच नातू आहेत.

आता टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण पुढल्या बहुतेक अडचणी त्याच्या प्रकृतीतूनच उद्भवतात. चार धावांच्या एंजिनात दट्ट्या दोनदा खाली व दोनदा वर जातो तेव्हा एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. त्याला वर झडपा नाहीत, त्या उघडणारे कॅम नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या पाडलेल्या असतात आणि दट्ट्या वर-खाली होताना त्या उघडतो व मिटतो. इंग्लंडातील बाथ शहराच्या जोसेफ डे याने 1890 च्या सुमारास या यंत्राला जे साधे रूप दिले, त्यात दट्ट्याच्या खालची पोकळी, म्हणजे क्रँककेस, हाच पंप असतो. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण प्रथम तेथे येते, दाबले जाते आणि मग वर चढते. म्हणून तेथे तेल साठवून ठेवता येत नाही. ते पेट्रोलबरोबरच येते व जळून जाते. त्या निळ्या धुराचे कारण हेच. ताज्या मिश्रणाचा काही अंशही जळालेल्या वायूबरोबर न जळताच बाहेर पडतो. हा दोष या यंत्राच्या मुळावर आला. भारतात 1996 आणि 2000 साली धुराचे नियम कडक झाले, यामाहाची लाडकी आरएक्स 100 देखील 1996 साली बंद झाली. आणि जागतिक शर्यतींच्या सर्वांत वरच्या वर्गात 500 घनसेंटिमीटरच्या टू-स्ट्रोकवर शेवटचे विजेतेपद 2001 साली व्हॅलेंटिनो रॉसीने मिळविले. पुढल्या वर्षापासून तेथे चार धावांच्या मोठ्या एंजिनांचे राज्य सुरू झाले.

ही प्रकृती लक्षात घेतली म्हणजे या एंजिनाचा सायलेन्सर हा नुसता धूर बाहेर नेणारा नळ नाही, हे कळते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचा अभियंता वॉल्टर काडेन याने 1950 नंतरच्या दशकात त्याचा अभ्यास केला. त्याची रचना अशी: नळी प्रथम हळूहळू रुंद होत जाते, मग पोट येते, मग ती पुन्हा अरुंद होते. रुंद होणाऱ्या भागातून एक ओढ सिलिंडरकडे परत येते व जळका वायू खेचून काढते. अरुंद होणाऱ्या भागावर आपटून दाबाची लाट परत येते व बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण, खिडकी मिटण्यापूर्वी, पुन्हा आत ढकलते. झडपेचे काम येथे आवाज करतो, म्हटले तरी चालेल. काडेनच्या एंजिनाने 1961 साली लिटरमागे 200 अश्वशक्तीची मजल गाठली. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीला मिळाली. पुढल्याच वर्षी सुझुकीने 50 घनसेंटिमीटरच्या वर्गाचे जगज्जेतेपद पटकावले. एका वाकड्यातिकड्या पत्र्याच्या नळीसाठी एवढे राजकारण झाल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

या नळीच्या लांबीत तडजोड चालत नाही. एंजिन मिनिटाला 7,500 फेरे घेत असेल तर सेकंदाला 125 फेरे झाले, म्हणजे एका फेऱ्याला 8 सहस्रांश सेकंद. त्यांतला निम्मा वेळ धुराची खिडकी उघडी असते असे धरले तर 4 सहस्रांश सेकंद मिळतात. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 500 मीटरच्या आसपास धरावा. तेवढ्या अवधीत लाट दोन मीटर जाईल. पण तिला जाऊन परत यायचे आहे, म्हणून नळी सुमारे एक मीटरची हवी. जागा नाही म्हणून ती वीतभर कापली तर एंजिनाचा जोर भलत्याच वेगाला येतो व हव्या त्या वेगाला नाहीसा होतो. नळी वाकविता येते, गुंडाळता येते. मध्यरेषेवर मोजलेली लांबी मात्र कायम ठेवावी लागते. आता आधुनिक सांगाड्याकडे पाहावे. तो चार धावांच्या एंजिनासाठी रचलेला; त्यात एका बारीक नळीपुरती वाट. आरडीला दोन नळ्या हव्यात आणि प्रत्येकीला पोट आहे. त्या पुढे रेडिएटरच्या जागेतून उतरवाव्यात तर पुढचे चाक ब्रेक लावताच त्यांना घासते. पोटाखालून न्याव्यात तर वळणावर गाडी कलताच जमिनीला टेकतात. ब्रिटनमधील शौकिनांनी सुझुकीचे चार सिलिंडरचे आरजी 500 हे एंजिन बसविण्यासाठी एप्रिलिया आरएस 250 या इटालियन गाडीचा सांगाडा पसंत केला, त्याचे मर्म येथे आहे. ती गाडी मुळातच टू-स्ट्रोकची होती. तिचा मागचा चिमटा केळ्यासारखा वाकविलेला होता आणि त्या बाकात सायलेन्सरच्या पोटाला जागा होती. सांगाडा निवडताना त्याच्या चकाकीपेक्षा ही रिकामी जागा पाहणारा मनुष्य पुढचे सहा महिने वाचवितो.

सांगाडा हा शब्दही जरा तपासून घ्यावा लागतो. जुन्या आरडीचा सांगाडा पाळण्यासारखा आहे. एंजिन त्यात निजते. ते काढून घेतले तरी पाळणा आपल्या आकारात उभा राहतो. नव्या पद्धतीत स्टीअरिंगच्या मानेपासून मागच्या चिमट्याच्या खिळीपर्यंत दोन रुंद तुळया शक्य तितक्या सरळ नेलेल्या असतात. स्पेनच्या अंतोनिओ कोबास याने 1980 नंतरच्या पहिल्या वर्षांत ही कल्पना अ‍ॅल्युमिनियममध्ये उतरविली. यामाहाने तिला 'डेल्टाबॉक्स' हे नाव दिले आणि 2008 साली भारतात आलेल्या आर 15 या छोट्या गाडीला पोलादातला डेल्टाबॉक्स मिळाला. पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम आरसी 390 चा सांगाडा मात्र पोलादी नळ्यांच्या जाळीचा आहे. यांतील कित्येक सांगाड्यांत एंजिन हे ओझे नसून हाड असते. त्याच्या भक्कम क्रँककेसला धरूनच सांगाडा ताठ राहतो. ते मूळ एंजिन काढले म्हणजे बरगडी काढली. तेथे जुन्या एंजिनाचे नाजूक कान बोल्टाने आवळून त्यांच्याकडून तोच भार उचलण्याची अपेक्षा करणे म्हणजे म्हाताऱ्याच्या खांद्यावर तुळई देण्यासारखे आहे. आरडीचे कान एंजिन पाळण्यात धरून ठेवण्यापुरते आहेत. सांगाडा धरून ठेवण्यासाठी नाहीत. म्हणून जाणते कारागीर तुळयांच्या खाली वेगळा पाळणा बांधतात, जेणेकरून भार पाळण्याने घ्यावा व एंजिन निश्चिंत असावे.

येथे वेल्डिंगचा मोह फार होतो आणि घातही तेथेच होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या तुळयांना कारखान्यात उष्णतेने पाणी दिलेले असते. त्यांवर वेल्डिंगची ज्योत धरली की जोडाच्या आसपासचे पाणी उतरते. डोळ्यांना काही दिसत नाही. जोड चांदीसारखा झळकतो. मात्र बाजूची धातू मऊ झालेली असते. त्यात दोन सिलिंडरच्या आरडीचे दट्ट्ये आळीपाळीने वर-खाली होत असल्याने एंजिन सतत डाव्या-उजव्या अंगाने डुलू पाहते. हा थरथराट मिनिटाला हजारो वेळा त्या मऊ जागेवर पडतो व एक दिवस केसाएवढी चीर उमटते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाताना तिचा पत्ता लागणे हे कोणाच्याही नशिबी येऊ नये. तेव्हा नियम असा पाळतात, की मूळ तुळईला आग लावावयाची नाही व तिला नवे भोकही पाडावयाचे नाही. जेथे कारखान्याने बोल्टाची जागा दिली आहे तेथेच जाड अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा बसवावयाच्या. या नियमाचा दुसरा लाभ असा, की उद्या विचार बदलला तर सांगाडा जसा होता तसा परत करता येतो.

प्लेटा कापण्यापूर्वीचे काम सुताराच्या कामासारखे आहे. आरडीचे क्रँककेस आडवे, वर व खाली असे दोन भागांत उघडते. आतील सर्व चक्रे काढून रिकामी दोन कवचे एकमेकांना जोडतात, म्हणजे ते धूड एका माणसाला हातात उचलता येते. मग गाडी सपाट फरशीवर सरळ उभी करून लाकडी ठोकळ्यांवर हे कवच ठेवावयाचे, ओळंबा व दोरी लावावयाची, पुठ्ठ्याचे नमुने कापावयाचे आणि पुन्हा पुन्हा मोजावयाचे. पुठ्ठ्याचा नमुना दहा वेळा फाडून टाकला तरी दहा रुपये जात नाहीत. लेथवरून उतरलेली प्लेट चुकली तर मिस्त्री व मालक यांच्या संबंधांत बाधा येते.

एवढे मोजमाप कशाचे? मुख्यतः चेनचे. पुढचे लहान स्प्रॉकेट व मागचे मोठे स्प्रॉकेट एका पातळीत हवे. दोघांत दोन-चार मिलिमीटरची तफावत राहिली तरी चेन स्प्रॉकेटचे दात खात जाते. आरडीचे मागचे टायर आजच्या मानाने सायकलीचे वाटावे इतके अरुंद. आधुनिक टायर चांगलेच रुंद. चेनला त्या टायरच्या बाहेरून जावयाचे म्हणून पुढचे स्प्रॉकेट बाहेर सरकवावे लागते. पण ते जितके बाहेर, तितका गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर तरफेसारखा ताण. तेव्हा थोडे स्प्रॉकेट बाहेर, थोडे एंजिन एका बाजूला, अशी वाटणी करतात. दुसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. चिमट्याची खीळ व पुढचे स्प्रॉकेट यांत अंतर जितके अधिक, तितकी खड्ड्यावर चाक वर-खाली होताना चेन अधिक घट्ट व सैल होते. शिवाय गाडीला जोर दिला असता मागची बाजू खाली बसावी की वर उचलली जावी, हे स्प्रॉकेट त्या खिळीच्या मानाने किती उंचीवर आहे त्यावर पुष्कळसे ठरते. मूळ अभियंत्याने त्यासाठी बोटभर अंतराचा विचार महिनोन्‌महिने केलेला असतो. म्हणून नवे एंजिन 'जेथे मावेल तेथे' ठेवावयाचे नसून जुन्या स्प्रॉकेटच्या जागी याचे स्प्रॉकेट येईल असे ठेवावयाचे असते, आणि मग बाकीच्या एंजिनाने कोठे जावे ते पाहावयाचे असते. एंजिन हलके असल्याने पुढच्या चाकावरील भार घटतो. पुढची स्प्रिंग मऊ करावी लागते, हे ओघानेच आले.

उरलेल्या गोष्टी लहान, पण रडविणाऱ्या. आजच्या टाकीत पेट्रोल दाबाने पाठविणारा पंप असतो. जुना कार्ब्युरेटर टाकीतून आपोआप खाली येणाऱ्या पेट्रोलवर जगतो, म्हणून टाकीच्या बुडाला कॉक बसवावा लागतो व तो कार्ब्युरेटरच्या वर राहील हे पाहावे लागते. टू-स्ट्रोक तेलाची वेगळी टाकी कोठे लपवावी, हा प्रश्न असतोच. उजव्या बाजूची किक पाय ठेवण्याच्या दांडीला आपटते. मग कित्येकजण किक काढून गाडी ढकलून सुरू करतात. हवेने थंड होणारे हे एंजिन पूर्ण झाकलेल्या गाडीत कोंडले तर आपल्याकडच्या वैशाखात त्याचे काय होईल, ते सांगण्याची गरज नाही.

आणि ते फार तापले तर काय होते, हे मात्र सांगितले पाहिजे. तेल किंवा पेट्रोल कमी पडले की दट्ट्या फुगतो व सिलिंडरमध्ये अडकतो. गॅरेजात याला एंजिन जाम होणे म्हणतात. त्या क्षणी मागचे चाकही थांबते, गाडी धावत असताना. जुन्या टू-स्ट्रोकचे स्वार डाव्या हाताची दोन बोटे सदैव क्लचवर ठेवीत, ती सवय याच भीतीतून आलेली. त्यासाठी एंजिन बसविण्यापूर्वी क्रँकची जुनी, वाळलेली सील बदलणे अत्यावश्यक असते. कारण क्रँककेस हाच पंप असल्याने सीलमधून शिरणारी चोरटी हवा मिश्रण पातळ करते.

कायद्याचा प्रश्न शेवटी येतो, पण तो सर्वांत आधी विचारावयास हवा. मोटर वाहन कायदा, 1988, याच्या 52 व्या कलमाने नोंदणीपुस्तकातील तपशील व उत्पादकाचा मूळ तपशील यांत विसंगती येईल असा बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ स्पष्ट शब्दांत सांगितला. एका गाडीचा एंजिन-क्रमांक व दुसरीचा चासी-क्रमांक असलेले, मूळ धुराच्या परीक्षेपासून दूर गेलेले यंत्र सार्वजनिक रस्त्यावर आणणे म्हणूनच बेकायदेशीर ठरते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हात झटकण्यास आयतेच कारण मिळते. असे यंत्र शर्यतीच्या बंदिस्त मार्गासाठी आहे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला व कोइमतूरला असे मार्ग आहेत. दुसरा प्रश्न कायद्याचा नसून विवेकाचा आहे. राजदूत 350 आता पुन्हा तयार होणार नाही. तिची सुस्थितीतली, दोन्ही क्रमांक जुळणारी गाडी फोडून तिचे एंजिन काढणे हे जुने देऊळ पाडून त्याचे खांब दिवाणखान्यात उभे करण्यासारखे आहे. ज्या गाडीचा सांगाडा अपघातात वाकला आहे, जिचे कागद कधीच गहाळ झाले आहेत, अशा अवशेषातले एंजिन घ्यावे. तशी एंजिने शोधणाऱ्याला सापडतात.

सर्व जुळून आल्यावर पहिली फेरी मारतात ती थोड्या श्रीमंत मिश्रणावर, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये मोठे जेट घालून. सरळ पट्टीवर एंजिन पूर्ण जोरात आणावयाचे, मग एकदम क्लच दाबून एंजिन बंद करावयाचे व गाडी घरंगळत थांबवावयाची. तेथेच उतरून दोन्ही प्लग काढून पाहतात. प्लगच्या टोकाची चिनी माती काळी व ओलसर असेल तर जेट एक पायरी लहान करतात. बिस्किटासारखी तपकिरी असेल तर समाधानाने पुन्हा प्लग आवळतात. ती पांढरीफटक असेल तर गाडी त्या दिवशी पुन्हा सुरू करीत नाहीत. ढकलत परत नेतात.